रस्टमधून वेबव्ह्यू२ चं क्लायंट सर्टिफिकेट निवडायचं कसं: बाइंडिंग जोडण्यापासून डेफरल सोडेपर्यंत

विंडोजवर डेस्कटॉप ॲप आहे, आत वेबव्ह्यू२ (ॲपमध्ये बसवायचं एजचं ब्राउझर इंजिन) बसवलाय, बाहेरचा सांगाडा रस्टचा आहे (टौरी हे ॲप बनवायचं फ्रेमवर्क असेल, नाहीतर थेट राय क्रेट, म्हणजे त्याच्या आतली वेबव्ह्यूची लायब्ररी) आणि एक दिवस सर्व्हरवाले सांगतात की आता नुसता पासवर्ड चालणार नाही, एमटीएलएस (सर्व्हरसारखी क्लायंटनेही ओळख पटवायची पद्धत) लावलंय, प्रत्येकाने आपलं सर्टिफिकेट दाखवायचं. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं की मध्येच एक डबा येतो, "सर्टिफिकेट निवडा", त्यात चार नावं, आणि युजर फोन करून विचारतो की यातलं कुठलं दाबू. मग आपल्याला वाटतं, हे आपणच कोडमधून निवडून टाकू की, त्यात काय एवढं.

मलाही तेच वाटलं होतं. पहिल्या प्रयत्नात मी यादीतलं शून्य नंबरचं सर्टिफिकेट उचललं आणि हँडल झालं म्हणून सांगून मोकळा झालो, माझ्या मशिनवर झकास चाललं. डेमोच्या दिवशी ज्यांच्या लॅपटॉपवर दाखवायचं होतं त्यांनी सकाळीच टेंडर भरायला स्वतःचं डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) टोकन यूएसबीला लावून ठेवलेलं, आणि आमच्या टेस्ट सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या माणसाचं पूर्ण नाव, राज्य, पिनकोड सगळं येऊन पडलं. सर्व्हरने नाकारलं ते वेगळं, पण माहिती जायची ती गेलीच. तेव्हापासून मी हे काम नीट शिकलो. आणि एक सांगतो, सर्टिफिकेट निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी कटकट आहे ती मेमरी कोणाची, थ्रेड कुठला आणि शेवटचं उत्तर कोण देणार, या तीन गोष्टींची.

(नावं सगळी बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाकली की पुढचं आपोआप येतंच.)

आधी हँडशेकमध्ये काय होतं ते डोक्यात बसवा

सर्व्हर टीएलएस हँडशेकमध्ये (सुरक्षित कनेक्शन जुळवतानाची सुरुवातीची देवाणघेवाण) "सर्टिफिकेट रिक्वेस्ट" नावाचा मेसेज पाठवतो. त्यात बहुतेक वेळा एक यादी असते, की मी अमुक अमुक सीएंनी (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी) दिलेलीच सर्टिफिकेटं मानतो. ही यादी रिकामीही असू शकते आणि मग ब्राउझर जेवढी योग्य सर्टिफिकेटं सापडतील तेवढी सगळी पुढे करतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये "एसएसएल क्लायंट सर्टिफिकेट" या डायरेक्टिव्हमधल्या सीएंची नावं क्लायंटला कळवली जातात, "एसएसएल ट्रस्टेड सर्टिफिकेट" मधल्यांची नाही, दोन्हींनी पडताळणी होते पण यादी फक्त पहिल्याची जाते. तुमच्या डब्यात नको ती नावं दिसत असतील तर ॲपमध्ये फिल्टर लिहायला बसण्याआधी सर्व्हरवाल्यांना हे विचारा, अर्धं दुखणं तिथेच जातं.

विंडोजवर क्रोमियम (म्हणजे एज, म्हणजेच वेबव्ह्यू२) ही सर्टिफिकेटं विंडोजच्याच स्टोअरमधून उचलतो, सध्याच्या युजरचं "पर्सनल" स्टोअर. उचलताना तो बरीच चाळणी स्वतःच करतो: क्लायंट ऑथेंटिकेशनला चालणारं हवं, की-युसेज दिलेलं असेल तर त्यात डिजिटल सिग्नेचर हवं, आजच्या तारखेला वैध हवं, आणि प्रायव्हेट कीशी जोडलेलं हवं. म्हणून एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट यादीत का येत नाही म्हणून डोकं आपटू नका, ते तुमच्या कोडपर्यंत पोचतच नाही.

अजून एक फरक ध्यानात ठेवा. टीएलएस १.२ मध्ये नेहमीच्या हँडशेकमध्ये क्लायंटचं सर्टिफिकेट उघड्यावर जातं, मधला कोणीही नाव वाचू शकतो. १.३ मध्ये (२०१८ चं स्टँडर्ड) ते एन्क्रिप्ट होऊन जातं. डीएससीसारख्या सर्टिफिकेटात माणसाचं खरं नाव असतं, त्यामुळे चुकीच्या सर्व्हरला चुकीचं सर्टिफिकेट देणं ही नुसती तांत्रिक चूक नाही.

टेस्टसाठी स्वतःचं सर्व्हर, स्वतःचा सीए

खऱ्या सर्व्हरवर प्रयोग करू नका, अर्ध्या तासाचं काम आहे, घरचं उभं करा. ओपनएसएसएलने एक सीए बनवा (की आणि स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट), मग क्लायंटची की, त्याची सीएसआर (सर्टिफिकेट मिळवायचा अर्ज), आणि सीएने सही करताना एक्स्टेंशन फाइलमध्ये एक्स्टेंडेड की युसेज म्हणून क्लायंट ऑथ लिहा. हा नंबर १.३.६.१.५.५.७.३.२ असा आहे, शेवटी १ असेल तर ते सर्व्हर ऑथ. मी एकदा घाईत सर्व्हर ऑथ टाकलं होतं आणि दोन तास यादी रिकामी का येते ते शोधत बसलो.

मग ते पीकेसीएस१२ फाइलमध्ये (की आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवणारी) बांधून विंडोजवर डबल क्लिक करून इम्पोर्ट करायचं. इथे एक जुना खड्डा आहे: ओपनएसएसएल ३ पासून ही फाइल डिफॉल्टने नव्या एन्क्रिप्शनने बनते, आणि जुन्या विंडोजला ती उघडता येत नाही, पण तो तसं सांगत नाही, तो म्हणतो पासवर्ड चुकला. पासवर्ड बरोबर असूनही असं आलं तर एक्सपोर्ट करताना "लेगसी" फ्लॅग द्या. इम्पोर्ट झाल्यावर सर्टएमजीआर (विंडोजची सर्टिफिकेटं बघायची खिडकी) उघडून त्या सर्टिफिकेटवर डबल क्लिक करा, पहिल्याच टॅबवर तळाला लिहिलेलं असायला हवं की या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की तुमच्याकडे आहे. ती ओळ नसेल तर तुम्ही नुसती सीईआर फाइल टाकलीय, तिचा काही उपयोग नाही.

सर्टिफिकेटं एकच नको, किमान तीन बनवा. एक बरोबर सीएचं, एक त्याच सीएचं पण दुसऱ्या नावाचं, आणि एक भलत्याच सीएचं. एकाच सर्टिफिकेटवर टेस्ट केलेला कोड म्हणजे माझा शून्य नंबरवाला कोड.

एनजिनएक्समध्ये "एसएसएल व्हेरिफाय क्लायंट" ला सुरुवातीला ऑप्शनल ठेवा, ऑन नको. ऑन ठेवलं आणि सर्टिफिकेट आलं नाही तर सरळ ४०० चं पान येतं आणि काय चुकलं ते कळत नाही. ऑप्शनलमध्ये व्हेरिफायचा निकाल (सक्सेस किंवा नन) आणि सब्जेक्टचं नाव दोन्ही व्हेरिएबलमधून घेऊन पानावरच छापता येतं, मग ॲपमध्ये नुसतं रिफ्रेश करून दिसतं की कोण म्हणून आत गेलो. सर्व्हरच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचा सीए युजरच्या ट्रस्टेड रूटमध्ये टाकावा लागेल, काम झालं की काढून टाका, टेस्टचा रूट मशिनवर राहू देणं ही वाईट सवय आहे. एवढंही नको असेल तर बॅडएसएसएल नावाची साइट आहे, तिथे टेस्टचं क्लायंट सर्टिफिकेट डाउनलोडला मिळतं आणि ते मागणारं सबडोमेनही आहे.

क्रेट आणि व्हर्जनची भानगड

वेबव्ह्यू२ चा एपीआय म्हणजे कॉम, विंडोजची ऑब्जेक्ट वापरायची जुनी पद्धत. प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे फंक्शन पॉइंटरच्या टेबलाकडे बोट दाखवणारा पॉइंटर, टेबलातली पहिली तीन कायमची: क्वेरी इंटरफेस, ॲडरेफ, रिलीज. रस्टमध्ये हे हाताने लिहायची गरज नाही, वेबव्ह्यू२-कॉम नावाचं क्रेट (तयार बाइंडिंग, म्हणजे रस्टमधून तो एपीआय बोलवायचा थर) आहे, जे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज क्रेटवर उभं आहे. टौरी आणि राय आतून हेच वापरतात.

आता पहिला खड्डा, आणि यात जवळपास प्रत्येकजण पडतो. तुमच्या कार्गो फाइलमधलं विंडोज क्रेटचं व्हर्जन आणि वेबव्ह्यू२-कॉम ज्यावर बांधलंय ते व्हर्जन वेगळं निघालं तर झाडात दोन विंडोज क्रेट येतात, आणि कंपायलर म्हणतो की मला अमुक टाइप हवा होता पण तुम्ही अमुकच टाइप दिला, दोन्हीकडे नाव एकच! वाचून माणूस चक्रावतो. कार्गो ट्री ला डुप्लिकेट दाखवायचा फ्लॅग देऊन बघा, लगेच दिसेल. उपाय म्हणजे आपल्या मनाने सगळ्यात नवं व्हर्जन टाकायचं नाही, तुमचं राय किंवा टौरी जे वेबव्ह्यू२-कॉम ओढतंय नेमकं तेच टाकायचं आणि विंडोजही त्याच्याच मापाचं.

दुसरं, या क्रेटच्या व्हर्जनांमध्ये छोटे छोटे बदल आहेत. उदाहरणार्थ इव्हेंट लावल्यावर जी पावती मिळते ती जुन्यात "इव्हेंट रजिस्ट्रेशन टोकन" नावाचा स्ट्रक्ट होती, नव्यात साधा ६४ बिटी आकडा आहे. नेटवरचं उदाहरण जसंच्या तसं चिकटवलं आणि टाइप जुळत नाही असं आलं तर घाबरू नका, तुमच्या व्हर्जनचं डॉक उघडा.

इव्हेंट लावणं

टौरीमध्ये विंडोवर "विथ वेबव्ह्यू" म्हणून मेथड आहे, तिला क्लोजर द्यायचं, आत प्लॅटफॉर्मचं वेबव्ह्यू मिळतं आणि त्यातून कंट्रोलर. कंट्रोलरकडून कोअर वेबव्ह्यू२ घ्यायचा. पण क्लायंट सर्टिफिकेटचा इव्हेंट मूळ इंटरफेसमध्ये नाही, तो पाचव्या आवृत्तीत आलाय, म्हणजे नावाच्या शेवटी अंडरस्कोर ५ असलेल्या इंटरफेसमध्ये. म्हणून विंडोज क्रेटच्या कोअर मॉड्यूलमधला इंटरफेस ट्रेट इम्पोर्ट करून कास्ट करायचं. कास्ट म्हणजे आतून क्वेरी इंटरफेस. मशिनवरचा रनटाइम फारच जुना असेल (फिक्स्ड व्हर्जन सोबत देणाऱ्या ॲपांत असं होतं) तर ई-नो-इंटरफेस असा एरर येतो, तिथे अनरॅप मारू नका, युजरला सांगा की रनटाइम अपडेट करा.

मग "क्लायंट सर्टिफिकेट रिक्वेस्टेड इव्हेंट हँडलर" चं क्रिएट फंक्शन, त्यात बॉक्समध्ये गुंडाळलेलं क्लोजर. क्लोजरला दोन गोष्टी मिळतात, पाठवणारा वेबव्ह्यू आणि आर्ग्युमेंट्स, दोन्ही ऑप्शनमध्ये. हे हँडलर ॲड मेथडला द्यायचं आणि पावती जपून ठेवायची, काढताना ती लागते.

क्लोजरमध्ये वेबव्ह्यू स्वतः पकडून ठेवू नका. वेबव्ह्यूकडे हँडलर, हँडलरकडे वेबव्ह्यू, दोघे एकमेकांचा हात धरून बसतात आणि रेफरन्स काउंट शून्यावर कधीच येत नाही. रस्टमध्ये लीक होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कॉमबरोबर एक आठवडा काढावा. वेबव्ह्यू लागलाच तर तो पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये येतोच आहे.

वेळेचंही बघा. इव्हेंट लावण्याआधी पान उघडायला लागलं तर हँडशेक होऊन जातो आणि तो जुना डबा येतो. टौरीमध्ये विंडो बनवतानाच यूआरएल दिली की लगेच धाव सुरू, त्यामुळे कोऱ्या पानावर उघडा, इव्हेंट लावा, मग खऱ्या पत्त्यावर न्या.

आणि क्लोजरमध्ये पॅनिक होऊ द्यायचं नाही. हे फंक्शन बाहेरून कॉम बोलावतंय, रस्ट १.८१ (सप्टेंबर २०२४) पासून अशा सीमेवरून पॅनिक बाहेर पडायला गेलं की अख्खी प्रोसेस अबॉर्ट होते, त्याआधी तर काय होईल याची हमीच नव्हती. म्हणून आत सगळीकडे प्रश्नचिन्ह ऑपरेटर, अनरॅप आणि थेट इंडेक्सिंग टाळा.

यादी वाचायची, पण स्ट्रिंग कोणाच्या मालकीची?

आर्ग्युमेंट्समध्ये होस्ट, पोर्ट, प्रॉक्सी आहे का, सर्व्हरने मान्य केलेल्या सीएंची यादी (ही डीईआर या बायनरी रूपातली नावं बेस६४ करून येतात, वाचायला सोयीची अजिबात नाहीत) आणि मुख्य म्हणजे "म्युच्युअली ट्रस्टेड सर्टिफिकेट्स" चं कलेक्शन. कलेक्शनला काउंट विचारायचा आणि एकेक इंडेक्सवरून सर्टिफिकेट घ्यायचं.

सर्टिफिकेट किंवा कलेक्शन मिळतं ते रस्टच्या टाइपमध्ये गुंडाळलेलं, ड्रॉप झालं की रिलीज आपोआप. पण स्ट्रिंगचं तसं नाही. होस्ट, सब्जेक्ट, इश्युअर वगैरे विचारताना तुम्ही एका रिकाम्या पीडब्ल्यूएसटीआरचा (विंडोजच्या स्ट्रिंग पॉइंटरचा) पत्ता देता, वेबव्ह्यू२ त्यात यूटीएफ-१६ स्ट्रिंग वाटप करून ठेवतो, आणि ती मोकळी करणं तुमच्या गळ्यात. नुसतं टू-स्ट्रिंग केलंत तर कॉपी मिळते आणि मूळ तशीच लटकत राहते. यासाठी वेबव्ह्यू२-कॉममध्ये "टेक पीडब्ल्यूएसटीआर" नावाचं फंक्शन आहे, ते रस्टची स्ट्रिंग बनवतं आणि मूळ को-टास्क-मेम-फ्री ने सोडतं. त्याच पॉइंटरवर दोनदा बोलावलंत तर मात्र डबल फ्री, त्यामुळे मी एक छोटं फंक्शन लिहून ठेवलंय, गेटर आत देतो आणि स्ट्रिंग बाहेर मिळते, पॉइंटर डोळ्यासमोर येतच नाही.

प्रत्येक सर्टिफिकेटमधून मी एवढंच काढतो: सब्जेक्ट, इश्युअर, डिस्प्ले नेम, व्हॅलिड फ्रॉम आणि टू, सिरियल नंबर, काइंड. तारखा एफ६४ मध्ये येतात, १९७० पासूनचे सेकंद. एक्स्पायर झालेली चाळलेलीच असतात, तरी व्हॅलिड टू कामाला येतं, कारण सर्टिफिकेट रिन्यू केल्यावर जुनं आणि नवं दोन्ही काही दिवस वैध असतात आणि युजरला एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात. तिथे जास्त दिवस चालणारं घ्या.

काइंडमध्ये स्मार्ट कार्ड, पिन किंवा इतर असं कळतं. डीएससी टोकनवाला युजर असेल तर पुढे पिन विचारला जाणार हे त्याला आधीच सांगता येतं. पिनचा डबा तुमचा नाही, ब्राउझरचाही नाही, तो टोकनच्या ड्रायव्हरचा किंवा विंडोजचा, त्याला या एपीआयमधून हात लावता येत नाही आणि लावायचा प्रयत्नही करू नका.

ओळख पटवायची कशावरून? डिस्प्ले नेमवरून नाही, ते माणसाला दाखवायला आहे. सब्जेक्टमध्ये अमुक शब्द आहे का असं शोधणंही कच्चं, कारण तसं नाव कोणाचंही असू शकतं. सिरियल नंबरही एकटा पुरत नाही, तो एका सीएपुरताच वेगळा असतो, इश्युअरसकट बघावा लागतो. मी पीईएम, म्हणजे सर्टिफिकेटचं मजकूर रूप, घेतो (टू-पीईएम-एन्कोडिंग), त्याचा डीईआर करतो आणि एसएचए-२५६ हॅश जपतो. थेट थंबप्रिंट देणारा गेटर नाहीये, आणि विंडोजच्या खिडकीत दिसणारा थंबप्रिंट एसएचए-१ असतो, दोन्ही ताडून बघत "जुळत कसं नाही" म्हणत बसू नका.

या सगळ्याच्या आधी होस्ट तपासा. हा इव्हेंट फक्त तुमच्या मुख्य पानासाठी येतो असं नाही, पानातल्या एखाद्या आयफ्रेमने भलत्याच सर्व्हरवरून काही मागवलं आणि त्या सर्व्हरने सर्टिफिकेट मागितलं तरी तुमचंच क्लोजर चालतं. होस्ट आणि पोर्ट दोन्ही पूर्ण जुळले पाहिजेत. "शेवट अमुकने होतो का" अशी तुलना केलीत तर कोणीतरी तुमच्या डोमेनच्या पुढे चार अक्षरं जोडून वेगळंच डोमेन घेऊन बसेल आणि तेही पास होईल.

उत्तर द्यायचे चार मार्ग

काहीच केलं नाही तर हँडल्ड आणि कॅन्सल दोन्ही फॉल्स, म्हणजे नेहमीचा डबा दिसणार. सिलेक्टेड सर्टिफिकेट ठेवून हँडल्ड ट्रू केलं तर ते सर्टिफिकेट जातं. सर्टिफिकेट न ठेवता हँडल्ड ट्रू केलं तर "माझ्याकडे नाही" असं सर्व्हरला कळतं आणि सर्व्हर ठरवतो काय करायचं, आपल्या ऑप्शनलवाल्या सर्व्हरवर पान उघडेल. कॅन्सल ट्रू केलं तर रिक्वेस्टच रद्द, हँडल्ड काहीही असो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सिलेक्टेड सर्टिफिकेट ठेवलं आणि हँडल्ड विसरलं. एरर येत नाही, निवड गुपचूप दुर्लक्षित होते आणि डबा दिसतो. अनोळखी होस्टसाठी मी सर्टिफिकेटशिवाय हँडल्ड करतो, डबा दाखवत नाही, कारण डबा दिसला की लोक काहीतरी दाबतातच.

युजरला विचारायचं असेल तर डेफरल, आणि इथेच सगळे अडकतात

नेमकं एक जुळलं तर तिथल्या तिथे उत्तर द्या, विषय संपला. दोन-तीन जुळली तर विचारावं लागणार, आणि पहिला मोह होतो की क्लोजरमध्येच मेसेज बॉक्स उघडू. नका. क्लोजर यूआय थ्रेडवर चालतं, मेसेज बॉक्स आत स्वतःचा मेसेज लूप फिरवतो, आणि हँडलरच्या पोटात असा लूप फिरत असताना वेबव्ह्यू२ पुढचे इव्हेंट देत नाही. मशिनवर कधी चालतं कधी गोठतं, बग रिपोर्टमध्ये "कधी कधी हँग होतं" एवढंच लिहून येतं.

बरोबर पद्धत अशी: आर्ग्युमेंट्सवर गेट-डेफरल बोलवा (डेफरल म्हणजे उत्तर नंतर देतो अशी मुदत), डेफरल आणि आर्ग्युमेंट्स दोन्ही जपून ठेवा, क्लोजरमधून ओके परत करा. मग निवांत आपली खिडकी उघडा, युजरने निवडलं की सिलेक्टेड, हँडल्ड, आणि शेवटी डेफरलवर कम्प्लीट. कम्प्लीट म्हटल्याशिवाय ते कनेक्शन तिथेच लोंबकळत राहतं. पान पांढरं, चक्र फिरतंय, एरर नाही, लॉग नाही. चुकीचं सर्टिफिकेट दिलं तर निदान सर्व्हर बोंबलतो तरी, उत्तरच दिलं नाही तर कोणी काहीच बोलत नाही.

त्यामुळे कम्प्लीट लक्षात ठेवण्यावर सोडायचं नाही, रस्टकडे त्यासाठी ड्रॉप आहे. एक स्ट्रक्ट बनवा, त्यात आर्ग्युमेंट्स, डेफरल आणि "उत्तर दिलं का" असा बूल. उत्तर देणारी मेथड स्ट्रक्ट स्वतः गिळणारी ठेवा (म्हणजे सेल्फ मूव्ह होतं, दुसऱ्यांदा बोलवताच येणार नाही). आणि ड्रॉपमध्ये, उत्तर दिलेलं नसेल तर कॅन्सल ट्रू करून कम्प्लीट. आता युजरने खिडकी फुलीवर दाबून बंद केली, मधल्या फंक्शनने प्रश्नचिन्हाने एरर परत केला, काहीही झालं तरी उत्तर जाणार.

आता थ्रेड. विंडोज क्रेटमधले कॉम इंटरफेस सेंड नाहीत, दुसऱ्या थ्रेडवर न्यायला गेलात तर कंपायलर अडवतो. लोक मग अनसेफ इम्प्ल सेंड टाकून त्याचं तोंड बंद करतात. अहो, तो खरं बोलतोय! वेबव्ह्यू२ चे ऑब्जेक्ट ज्या थ्रेडवर बनले त्याच थ्रेडवरून वापरायचे असतात. मी असं करतो: मुख्य थ्रेडवर थ्रेड-लोकल रेफसेलमध्ये एक हॅशमॅप, चावी म्हणून वाढता नंबर, किंमत म्हणून वरचा स्ट्रक्ट. खिडकीला फक्त नंबर आणि साध्या स्ट्रिंगा (नाव, इश्युअर, मुदत, हॅश) द्यायच्या, त्या कुठल्याही थ्रेडवर फिरोत. उत्तर आलं की टौरीच्या "रन ऑन मेन थ्रेड" मधून परत मुख्य थ्रेडवर यायचं, नंबरवरून स्ट्रक्ट शोधायचा, उत्तर द्यायचं. मॅप लागतोच, कारण एकाच वेळी दोन होस्टकडून मागणी येऊ शकते, एकच ऑप्शन ठेवला तर दुसरी मागणी पहिलीला चिरडते.

यात एक बारीक गोष्ट, मला ती क्रॅश झाल्यावर कळली. स्ट्रक्ट मॅपमधून आधी बाहेर काढा, रेफसेलचा बॉरो संपवा आणि मगच कम्प्लीट बोलवा. बॉरो धरून बाहेरच्या कोडला हाक मारायची आणि त्या हाकेतून फिरून परत आपल्याच मॅपला हात लागला की दुसऱ्या बॉरोवर पॅनिक, आणि पॅनिक म्हणजे वर सांगितलं तसं ॲप गायब.

निवडीची खिडकी वेगळी ठेवा, त्याच वेबव्ह्यूमध्ये एचटीएमएल घुसवून दाखवू नका. एक तर ते पान हँडशेकवर थांबलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे बाहेरून आलेल्या पानाच्या हातात युजरच्या सर्टिफिकेटांची यादी द्यायचं काही कारण नाही.

इव्हेंट दुसऱ्यांदा का येत नाही, आणि बाकी रडगाणी

निवड एकदा झाली की क्रोमियम ती त्या होस्ट आणि पोर्टसाठी मेमरीत ठेवतो, "सर्टिफिकेट नाही" हे उत्तरसुद्धा. त्यामुळे टेस्ट करताना एकदा चुकीचं उत्तर दिलं की नंतर कितीही रिफ्रेश मारा, क्लोजर चालतच नाही आणि वाटतं बाइंडिंग तुटलं. ॲपची सगळी वेबव्ह्यू२ प्रोसेस बंद करून परत उघडा, किंवा प्रत्येक टेस्टला नवा युजर डेटा फोल्डर द्या. एकच फोल्डर वापरणारी दोन ॲपं उघडी असतील तर मागे ब्राउझर प्रोसेस एकच असते, एक बंद करून भागत नाही. "लॉगआउट करून दुसऱ्या सर्टिफिकेटने या" असं बटण क्लायंटने मागितलं तर हे आधी सांगून टाका.

पिन रद्द केला किंवा टोकन मध्येच उपटलं तर सहीच होत नाही, क्रोमियमचा कोड उणे १४१. सर्टिफिकेट हवं होतं पण गेलं नाही, उणे ११०. सर्व्हरने बघून नाकारलं, उणे ११७. प्रायव्हेट कीच सापडली नाही, उणे १३५. टीएलएस १.३ मध्ये आरएसए कीने सही करायची तर पीएसएस पद्धत सक्तीची आहे आणि काही जुन्या टोकनच्या ड्रायव्हरना ती जमत नाही, शंका आली तर टेस्ट सर्व्हर तात्पुरता १.२ वर आणून बघा, तिथे चाललं तर दोष तुमच्या रस्टचा नाही.

फक्त एका पाथवर सर्टिफिकेट मागायचं आणि बाकी साइट मोकळी, असं सर्व्हरवाले म्हणाले तर त्यांना वेगळं सबडोमेन करायला सांगा. एचटीटीपी/२ वर मध्येच परत हँडशेक करून सर्टिफिकेट मागायला परवानगीच नाही. आणि पानातून दुसऱ्या ओरिजिनच्या एपीआयला फेच करत असाल तर कॉर्सची (दुसऱ्या ओरिजिनची आधी परवानगी विचारणारी) प्रीफ्लाइट रिक्वेस्ट सर्टिफिकेटशिवाय जाते, सर्व्हरने सक्ती केली असेल तर ती तिथेच मरते आणि तुमच्या इव्हेंटचा त्यात काही संबंध नसतो.

सीईएफ (क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क) वापरत असाल तर

तिथे हेच काम रिक्वेस्ट हँडलरमधल्या "ऑन सिलेक्ट क्लायंट सर्टिफिकेट" मध्ये होतं: होस्ट, पोर्ट, सर्टिफिकेटांचा ॲरे, त्याची लांबी आणि एक कॉलबॅक ऑब्जेक्ट. ट्रू परत केलं म्हणजे मी बघतो, आणि मग आत्ता किंवा नंतर कॉलबॅकवर सिलेक्ट. सी एपीआयवर स्वतः बाइंडिंग लिहीत असाल तर मालकीचा नियम घोटून ठेवा: सेल्फ सोडून जो ऑब्जेक्ट तुमच्या हातात आला त्याचा एक रेफरन्स तुमच्या नावावर चढलेला असतो, तो तुम्हीच सोडायचा. ॲरे मात्र सीईएफचा, फंक्शन परतलं की तो जातो, पण ॲरेमधल्या प्रत्येक सर्टिफिकेटचा रेफरन्स तुमचा! म्हणजे ॲरेचा पॉइंटर नंतरसाठी ठेवलात तर क्रॅश, आणि निवडलेलं एक ठेवून बाकीची रिलीज न करता सोडलीत तर लीक. आत शिरल्याबरोबर सगळी सर्टिफिकेटं स्वतःच्या व्हेकमध्ये मालकीच्या टाइपात गुंडाळून घ्या. तारखाही तिथे वेगळ्या, सध्याच्या आवृत्तीत १६०१ सालापासूनचे मायक्रोसेकंद, १९७० समजून वाचल्यात तर सर्टिफिकेट अजून काही शतकं चालणार असं दिसेल.